चिंचेनं घासलेली तलवार

आई,

आज एक बाई तलवार दाखवायला घेऊन आल्या. मी आता हेच काम करते. जुनी जपानी तलवार बघून ती कधीची, कुठल्या लोहाराच्या हातची, ते सांगते. तू कपाळाला हात लावला असतास! मूठ काढली, आतला काळा गंज दिसला आणि मला अमेरिकेतल्या कॅरी गावातलं आपलं किचन आठवलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. शेजारच्या गराज सेलमधून बाबा ती तलवार घेऊन आले आणि तू म्हणालीस, "आली माझी सवत!" ऑफिसातून आले की ते तिला घेऊन दिव्याखाली बसायचे. आधी आकार बघायचा, मग पोलादाचे पदर, मग धारेजवळची पांढरी नागमोडी रेघ. "मुठीतली लोहाराची सही सगळ्यात शेवटी. सही काय, कोणीही ठोकतं," मला शिकवायचे. पात्यावर श्वास पडू नये म्हणून तोंडात रुमाल धरायचे. तू कढईत उलथनं आपटायचीस. "माझ्याशी बोलायला तोंड उघडत नाही, आणि हिच्यासमोर रुमाल!" तुझी थट्टा मला खरीच वाटायची. बाबांना तू जास्त आवडतेस की ती, या विचारानं मला रडू यायचं गं.

मग ती खंडेनवमी, आपण शनिवारवर ढकललेली. पुढच्या आठवड्यात एक जपानी जाणकार सही खरी की खोटी ते सांगणार होते, म्हणून बाबा मूठ काढून तलवार टेबलावर ठेवून फुलं आणायला गेलेले. तू समया घासत होतीस. "पूजेला बसवायची आणि असला गंज? शी!" म्हणत तू मुठीत जाणारा तो भाग, सहीसकट, चिंचेनं घासून लख्ख केलास. आई, त्या गंजावरूनच तर सहीचं वय कळतं. तो गेला की जगातल्या कुठल्याही जाणकाराला काही सांगता येत नाही.

बाबा शेवंती घेऊन दारात उभे आहेत. चेहरा पांढराफटक. तू हौसेनं विचारतेस, "अहो, कशी दिसते?"

"झकास," बाबा म्हणतात. "अगं, पण धारेचं पातं ते! बोटं कापली नाहीत ना?" आणि तुझे चिकट हात उलटसुलट करून बघत राहतात.

नंतर गराजमध्ये मला म्हणाले, "आईला यातलं काही कळता कामा नये. नेव्हर." अपॉइंटमेंट त्यांनी कॅन्सल केली.

त्या दिवसानंतर मला त्या विचारानं कधी रडू आलं नाही. तू मात्र शेवटपर्यंत सवत सवत करत राहिलीस, आणि मला वाटतं, थोडंसं खरंही मानत होतीस. तुला सांगायला हवं होतं, किती वेळा ओठांवर आलं. पण बाबांनी काय केलं ते सांगायचं, तर तू काय केलंस तेही सांगावं लागतं. आणि मी त्यांना प्रॉमिस केलंय. म्हणून, आई, तुला आजही सांगत नाही.