बिननावाचे निरोप

२ मार्च, शनिवार

अकरा निरोप वाचले. घसा बसला. बंदूकवाल्यांनी उचलून नेलेली आमच्या डोंगरातली पोरं तिकडे जंगलात रेडिओ ऐकतात म्हणे, म्हणून दर शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरचे निरोप वाचतो. नाव घ्यायचं नाही, गावाचंही नाही, ‘परत ये’ तर मुळीच नाही — कमांडरला संशय आला तर त्या पोराची धडगत नाही. मग उरतं काय? ‘लाल कोंबडीने नऊ पिल्लं काढली.’ ‘कॉफीची तोडणी सुरू झाली.’ ज्याचं त्याला कळेल, म्हणे! वर्ष झालं. एकही पोर परतलं नाही.

७ मार्च

खाली पोपायान शहरात सरकारी बैठक. मी उभी राहून बोलले — एकोणीस मुलं नेली, सगळ्यात लहान अकरा वर्षांचं. साहेब म्हणाले, “तुम्ही तरुण मंडळीच देशाचं भविष्य!” आणि टोप्या वाटल्या. एकोणीस पोरांचं काय? “रीतसर अर्ज द्या.” हा चौथा अर्ज.

परतताना बसमध्ये एइवेर, माझ्यासोबत रेडिओवर निरोप वाचणारा, म्हणाला, “टोपी ठेव गं, निदान भविष्याला ऊन लागणार नाही.” एरवी हसले असते.

९ मार्च, शनिवार

वाचलं. घरी येऊन झोपले.

१४ मार्च

आईला ताप, आज पाचवा दिवस. गुळाचं पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. डोळे मिटूनच “दुवान, दुवान” करते.

दुवान माझा धाकटा भाऊ. चौदा वर्षांचा होता, शाळेच्या वाटेवरून नेला. त्याला आजवर एकही निरोप गेला नाही. आईच म्हणायची, “आपलं रडगाणं रेडिओवर नको.” मीही ऐकलं. जगाच्या पोरांसाठी घसा फोडायचा आणि सख्ख्या भावाला एक ओळ नाही! लाज वाटते.

१६ मार्च, शनिवार

आपल्या घरचा निरोप आपण वाचायचा नाही, हा आमचाच नियम. आवाज कापला की सगळं उघड होतं. म्हणून एइवेरने वाचला — ‘आई अंथरुणाला खिळली आहे. सारखं तुझंच नाव घेते.’

मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं.

२० मार्च

ताप उतरला. आईने आज मक्याची अर्धी भाकरी खाल्ली, वर मीठ कमी म्हणून मला बोलली. जिवात जीव आला.

दुवानचा पत्ता नाही.

२३ मार्च, शनिवार

रेडिओ केंद्राच्या दारात एक मुलगी! गुडघ्यापर्यंत चिखल. मार्लेनी नाव, तेरा वर्षांची, पलीकडच्या खोऱ्यातली. जंगलातून पळून चार दिवस चालत आली. “माझी आई आहे ना अजून? तुम्ही सांगितलंत, ती अंथरुणाला खिळली म्हणून!”

तिच्या गावी फोन लावला. आई ठणठणीत! तिने कधी निरोप पाठवलाच नव्हता. फोन कानाला धरून पोरगी हमसून हमसून रडली. एइवेरही रडला.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? ही का आली, तो का नाही? देवा, क्षमा कर.

२४ मार्च

मार्लेनीला दुवानचा फोटो दाखवला. तिने ओळखला! निरोप लागला तेव्हा शेजारीच बसला होता. तिला म्हणाला, “तुझीच असणार. पळ तू. आमची आई कसली आजारी पडतेय!”

ती निघाली तेव्हा पहाऱ्यावर तोच होता.