आमच्या वर्गात मागे बसलेली माणसं

३ जुलै, सोमवार
मुख्याध्यापिका बाईंनी आज नवीन खूळ जाहीर केलं. गणिताच्या आम्ही तिघांनी मिळून एक तास आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्या दोघांनी वर्गात बसून बघायचं. मग चर्चा. मग तोच तास सुधारून दुसऱ्याने घ्यायचा. तिघं म्हणजे मी (सत्तावीस वर्षं नोकरी), आठवीचे सर, ज्यांना मुलं 'कंपास' म्हणतात, आणि नवीन बाई (दोन वर्षं, त्यातलं अर्धं रजेवर).
पहिला तास माझा, हे न सांगताच ठरलं. आदर्श नमुना म्हणून असणार.
संकल्प : नम्र राहायचं.

६ जुलै
तास आखायला बसलो. विषय : अपूर्णांकांचा भागाकार. मी म्हटलं यात आखायचं काय, उलटा करा आणि गुणा. नवीन बाईंनी विचारलं, "पण सर, उलटा का करायचा?" म्हटलं, नियम आहे. त्या हसल्या. कंपासही हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं.
मग एक तक्ता भरायचा होता. 'मुलं काय काय विचार करतील?' मी लिहिलं : 'बरोबर.'

१० जुलै, सोमवार
तास झाला. उत्तम. फळ्यावरचं अक्षर तर मोत्यासारखं आलं. दोन मीटर फितीचे पाव पाव मीटरचे किती तुकडे, हे उदाहरण घेतलं, उलटं करून गुणलं, आठ. चाळीस मिनिटांतली छत्तीस मी बोललो, एकदाही अडखळलो नाही. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता.
एकच गोष्ट खटकली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मुलांच्या शेजारी खुर्च्या टाकून त्यांच्या वह्यांत डोकं घालून बसले होते. शिकवतंय कोण, बघताय कुणाला!

११ जुलै
चर्चा. कौतुकाला उत्तर म्हणून दोन वाक्यं तयार करून नेली होती. लागली नाहीत.
नवीन बाई खिडकीजवळच्या मुलीशेजारी बसल्या होत्या. त्यांनी वेळ टाकून टिपण केलं होतं. १०:५२, मुलीने फितीचं चित्र काढलं, पाव पाव मीटरवर रेघा मारल्या, मोजल्या, आठ लिहिलं. १०:५५, सर बाकांमधून येऊ लागले. १०:५५, मुलीने सगळं खोडलं. १०:५७, फळ्यावरून उतरवून घेतलं.
मी म्हटलं, मुलगी मुळातच बुजरी आहे. बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत तिला विचारलं. ती म्हणाली, "सरांना चित्रं आवडत नाहीत."
मी असं कधीही म्हणालेलो नाही. फार तर 'ही चित्रकलेची वही आहे का?' असं म्हणालो असेन. गंमत म्हणून.
कंपास खिडकीबाहेर बघत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आपण सरांचं परीक्षण करत नाही, तासाचं करतोय. ते तर मला ठाऊकच आहे.

१२ जुलै
जेवताना हिला सगळं सांगितलं. नवीन बाईंना अनुभव कसा कमी आहे, ते पटवून दिलं. ही ताटातून मान वर न करता म्हणाली, "आपलीपण खोडायची."
आपली म्हणजे लेक. म्हटलं, तिला टापटिपीची आवड होती.
ही म्हणाली, "तुमच्या चपला दारात वाजल्या की खोडायची. बरोबर असलेलंसुद्धा."
मग ही भांडी घेऊन आत गेली. मी भात संपवला. इतक्या वर्षांत हे मला कुणीच कसं सांगितलं नाही, असं विचारणार होतो. पण आत नळ मोठा सोडला होता.

१७ जुलै, सोमवार
सुधारलेला तास नवीन बाईंनी घेतला. बघायला मी. मुद्दाम खिडकीजवळच्या मुलीशेजारी बसलो, तिची भीती मोडावी म्हणून. हसलोसुद्धा. तिने डावा हात वहीवर आडवा ठेवला.
टिपण :
११:०५, हात वहीवर.
११:१२, हात वहीवर.
११:२०, हात वहीवर. पेन्सिल बंद.
पेन्सिल धरलेली बोटं पांढरी पडली होती. हे टिपणात लिहिलं नाही, गणिताशी संबंध नाही.
११:२१ ला बाई हळूच म्हणाल्या, "सर, जरा दाराशी बसता का?" दाराशी हवा चांगली येते, म्हणून गेलो.
११:३० ला मुलगी आपणहून फळ्याकडे गेली. चित्र काढलं. एका मीटरमध्ये चार पाव बसतात, म्हणून भागताना चाराने गुणायचं, असं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. उलटा का करायचा ते. वर्गाने टाळ्या वाजवल्या.
आवाज चांगला खणखणीत आहे तिचा. गेल्या वर्षापासून माझ्यासमोर बसते, मी आज पहिल्यांदा ऐकला.

१८ जुलै
ठरलं. लेकीला फोन करायचा. गेली नऊ वर्षं ती आईशीच बोलते. माझी खुशाली आईकडून कळते, दोनदा कशाला? पण आता मोकळेपणाने विचारायचं, की गणित का सोडलंस. वाटल्यास एखादं वाक्य दिलगिरीचंही. तिला भरून येईल. तेव्हा आपण सावरून घ्यायचं.

२३ जुलै, रविवार, सकाळी ११
फोन केला. पहिल्यांदा तिने विचारलं, "आई बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे.
विचारलं, गणित का सोडलंस? ती म्हणाली, "मी कुठे सोडलं? गणितच शिकवते मी. चौथं वर्ष आहे. आईला माहितीये."
मी सगळ्यांना सांगत आलो, ती कुठल्याशा ऑफिसात आहे म्हणून.
दिलगिरीचं वाक्य ऐन वेळी सुचेना. त्याऐवजी म्हटलं, तुझा एखादा तास बघायला येऊ का? मागे बसेन. एक अक्षर बोलणार नाही. हल्ली मला ते जमतं.
मागे तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "आत्ता नको."
नको म्हणाली नाही. 'आत्ता नको' म्हणाली. फरक आहे. हिलाही तो समजावून सांगितला. ही पाठीवर हात ठेवून गेली.
पाचवी ते दहावी ती माझ्याच वर्गात होती. वर्गात बाबा म्हणायचं नाही, हा नियम मी घातला होता, बाकीच्या मुलांना भेदभाव वाटू नये म्हणून. योग्यच होता.
फोन ठेवताना ती म्हणाली, "ठेवते, सर."
लाईन खराब होती. बाबाच म्हणाली असेल.