पाचशे सत्याहत्तर बटा चारशे पन्नास

प्रति,
मा. शस्त्र शाखा अधिकारी,
तालुका कचेरी, बेट्टमाडु,
जिल्हा कोडगू

अर्जदार: सुभेदार (निवृत्त) माणिचंडा उत्तय्या, वय ८८, मु. तोरेबेट्टू

विषय: घरच्या बंदुकीचे माप एकदाचे ठरवून ती माझ्या पत्नीच्या निधनापूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ: आपले शेवटचे पत्र, ज्यात सदर बंदूक ही तोफ असल्याचे कळवले आहे; तसेच त्याआधीची दोन पत्रे, ज्यांत ती अनुक्रमे शेकडो बंदुका व शेतजमीन होती.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, निवडणुकीआधीच्या हुकुमाप्रमाणे गावातल्या सर्व घरांनी आपापल्या बंदुका ठाण्यात जमा केल्या, तशी मीही केली. निवडणूक झाली, निवडून आलेले गृहस्थ पक्ष बदलून मोकळे झाले, सर्वांच्या बंदुका घरोघरी परतल्या. माझी तेवढी कोठारात राहिली आहे. आम्हा कोडव लोकांना बंदुकीसाठी परवाना लागत नाही. परवाना लागत नाही असा दाखला मात्र लागतो, आणि त्या दाखल्यावरच्या एका तिरक्या रेघेपायी माझे सर्व हाल चालले आहेत.

२. घाई कशाची, असे आपण विचाराल. माझी पत्नी देचम्मा हिचे हृदय थकले आहे. डॉक्टरांनी "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला" एवढेच औषध लिहून दिले. आमच्यात माणूस गेले की अंगणातून दोन बार काढतात. ते ऐकून डोंगरापलीकडची माणसेही हातातले काम टाकून येतात. मुलगा जन्मला तर एक बार. मुलगी जन्मली तर कुणी बंदूक खाली उतरवत नाही. देचम्माचे म्हणणे असे: "मी आले तेव्हा कुणी बार काढला नाही. जाताना तरी माझे दोन वाजू देत, आणि आपल्याच बंदुकीचे." आमच्या संसारात तिने मागितलेल्या पुष्कळ गोष्टी मी दिल्या नाहीत. ही द्यायची आहे.

३. आता मापाविषयी. सदर बंदूक माझ्या आजोबांना पलटणीतून मिळालेली, खालचा दांडा ओढून एकेक काडतूस भरण्याची जुनी लष्करी रायफल आहे. दाखल्यात तिचे कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतले माप, ५७७/४५० असे लिहिले आहे. आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे आहेत. आधीच्या पाचशे सत्याहत्तरच्या रायफलीचे काडतूस घेऊन ते पुढे चारशे पन्नासपर्यंत निमुळते केले, म्हणून आकडे दोन, बंदूक एकच. आपल्या शाखेतील कारकून श्री. शिवण्णा यांना मी तांब्याचे उदाहरण दिले: पोट मोठे, गळा बारीक, म्हणून काही दोन तांबे होत नाहीत. ते म्हणाले, "अज्जा, कॉम्प्युटर तांब्या घेत नाही. एक आकडा सांगा." मी चारशे पन्नास सांगितला. तर म्हणाले, "मग दाखल्याशी जुळत नाही." दाखल्यासारखे लिहा म्हटले, तर म्हणाले, "तिरकी रेघही घेत नाही तो." शेवटी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने रेघेच्या जागी 'पैकी' हा शब्द घातला. त्यांचा हेतू चांगला होता, असे मी अजूनही मानतो.

४. त्यानंतर मला नोटीस आली की, माझ्याकडील ५७७ बंदुकांपैकी ४५० जमा झाल्या असून उरलेल्या १२७ तात्काळ जमा कराव्यात. जमा झालेल्या साडेचारशे ठाण्यात कुठे मावल्या, हे पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. झडतीला मात्र जीप भरून शिपाई आले. त्यांनी भाताची कणगी, मधाच्या पेट्या आणि देचम्माची खाट तपासली. खाटेवरूनच ती म्हणाली, "बाळांनो, एकशे सव्वीस तुम्ही न्या, एक माझ्या उशाशी ठेवा." शिपाई लाजले. दुपारी डुकराचे मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या खाऊन ते परत गेले व 'काही आढळले नाही' असे लिहिले. त्यावरून मी १२७ बंदुका लपवल्याचा संशय बळावला असल्याचे समजते.

५. मी पुन्हा कचेरीत गेलो. तिरकी रेघ म्हणजे 'पैकी' नव्हे, 'बटा' आहे, असे स्पष्ट केले. हे माझे चुकलेच. 'बटा' ऐकताच शिवण्णांनी "अहो, मग आधी सांगायचं नाही का!" म्हणत कागद महसूल शाखेत पाठवला, कारण त्यांच्या माहितीत बटा फक्त सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या उताऱ्यांत असतो. यथावकाश मोजणीदार आले. भूमापन क्रमांक ५७७ बटा ४५० शोधत त्यांनी माझी कॉफी तुडवली, मिरीचे दोन वेल उपटले आणि अहवाल दिला की, सदर बंदूक ओढ्यापलीकडे वनखात्याच्या हद्दीत येते. अतिक्रमण काढून घेण्याविषयीचे पत्र मी जपून ठेवले आहे. देचम्माला वाचून दाखवले तेव्हा ती इतकी हसली, की मला तिचे जुने औषध शोधावे लागले.

६. मध्यंतरी शस्त्रपूजेचा सण, आमचा कैलपोळ्द, येऊन गेला. इतरांनी आपापल्या बंदुकांच्या तोंडात तोकपूचे, म्हणजे कळलावीचे, फूल खोचले. आम्ही रिकाम्या खुंटीला खोचले. याबाबत कचेरीविरुद्ध माझी तक्रार नाही. खुंटीचे माप कुणी विचारले नाही, एवढे पुष्कळ झाले.

७. नंतर बंदूक तज्ज्ञांकडे गेली. शंभराहून अधिक वर्षे पुसून पुसून तिची नळी झिजली आहे, त्यामुळे माप चारशे बासष्ट भरले. म्हणजे दाखल्यातल्या दोन्ही आकड्यांशी न जुळणारा तिसरा आकडा आला. वाद नको म्हणून शिवण्णांनी सर्वांत मोठा आकडा भरला. त्या रकान्यापुढे 'मिलिमीटर' हा शब्द आधीच छापलेला असतो. पाचशे सत्याहत्तर मिलिमीटर म्हणजे जवळपास दोन फूट. अशा नळीत आमचे वासरू आरामात बसेल. यावरून सदर शस्त्र ही तोफ ठरून संरक्षण खात्याचे ना हरकत पत्र मागवण्यात आले आहे. सोबतच्या नमुन्यातील 'तोफ कशाने ओढली जाते' हा रकाना मी रिकामा सोडला आहे. ती आजवर माझ्या खांद्यावरून गेली.

८. शेजाऱ्याची बंदूक उसनी घ्यावी, अशी सूचना आपण केलीत. आमच्या खोऱ्यात प्रत्येक घराच्या बंदुकीचा आवाज लोक ओळखतात. माझी चुलती वारली तेव्हा आमची रायफल दुरुस्तीला होती, म्हणून शेजारच्या कुट्टप्पाची दुनळी आणून बार काढले. सगळे खोरे रडत कुट्टप्पाच्या दारी लोटले. तो कडंबुट्टू, म्हणजे तांदळाचे वाफवलेले गोळे, खात बसला होता. "अरे, निदान ताट तरी संपवू द्या!" असे तो ओरडला, तरी दोन म्हाताऱ्या त्याच्या गळ्यात पडून रडतच होत्या. इकडे चुलतीला उचलायला माणसे दुपारपर्यंत मिळाली नाहीत. देचम्माला तसे एकटे पडून राहावे लागलेले मला सहन होणार नाही, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

९. विशेष बाब म्हणून बंदूक तात्पुरती सोडण्याची विनंतीही मी केली होती. शिवण्णा म्हणाले, "तारीख टाका अज्जा. कार्यक्रमाच्या तारखेशिवाय अर्ज पुढं सरकत नाही." मी घरी येऊन तारीख विचारली. देचम्मा म्हणाली, "कक्कड महिन्यात नको म्हणावं. पावसात चढावर जळवा लागतात लोकांना." सबब तो महिना वगळून कोणतीही तारीख, असे मी लिहून दिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

१०. सबब माझी सुधारित प्रार्थना पुढीलप्रमाणे. बंदूक मला देऊ नका. तिला तोफ म्हणा, शेत म्हणा, आपली मर्जी. आपल्या हुकुमात ती ठाण्याबाहेर नेण्यास मनाई आहे. ठाण्यात वाजवण्यास नाही, हे मी चष्मा लावून वाचले. ठाणे समोरच्या कड्यावर आहे, तेथील तासाचे टोल आमच्या अंगणात ऐकू येतात. मी फोन करीन तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाने ठाण्याच्या अंगणात येऊन, गोळी न घालता, नुसत्या दारूचे दोन बार आमच्या डोंगराकडे तोंड करून काढावेत. भरलेली दोन काडतुसे मी ठाण्यात पोचवीन. दोन बारांमध्ये एक श्वास घेण्याइतके थांबावे, नाहीतर लोकांना डुकराची शिकार वाटेल.

हा मजकूर मी मोठ्याने वाचत लिहीत आहे आणि देचम्मा ऐकत आहे. तिने आताच विचारले, बार काढणारा पोरगा कोण? नाव मला ठाऊक नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्याला आधी कॉफीला बोलवा. माझ्यासाठी बंदूक वाजवणारा पहिला माणूस, मला एकदा बघायचाय." तरी सदर शिपायास या रविवारी सकाळी दोन तास सुट्टी मिळावी. रविवारपलीकडचे मी काही मागत नाही.

आपला आज्ञाधारक, परंतु फारसा थांबू न शकणारा,

(सही) माणिचंडा उत्तय्या
तोरेबेट्टू, शुक्रवार

सोबत:
१. परवाना न लागण्याच्या दाखल्याची प्रत
२. डॉक्टरांची चिठ्ठी
३. ओढ्याकडून घरी येणाऱ्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा. कुत्रा भुंकतो, चावत नाही.