आईच्या गुलाबाला मळी

बाच्का, २१ ऑगस्ट

वुकाशिनदादा,

तर मुंग्यांचं म्हणशील, त्या काही आभाळातून पडल्या नाहीत. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "काय माहीत" म्हटलं, कारण बाबा शेजारीच मिरच्या निवडत बसले होते. म्हणून पत्र. बाकी तू कसा आहेस? पाठ कशी आहे? तिकडे ऑस्ट्रियात पण असंच उकडतंय का? आम्ही ठीक. मी जेवते, झोपते. स्मिल्याआत्या रोज सूप घेऊन येते आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहते.

मिरच्या यंदा सॉलिड आल्यात. तू मला मळीवाली बाई म्हणायचास ना, आता येऊन बघ. परत एकदा सांगते, कारण तू कधीच नीट ऐकत नाहीस. कारखान्यात बीटची साखर काढून झाली की जी काळी, चिकट मळी उरते, ती झाडाचं खाणं नाहीच. ती मातीतल्या बॅक्टेरियांचं खाणं. बादलीभर पाणी, मूठभर चांगलं कंपोस्ट, एक चमचा मळी, आणि आत फिश टँकचा पंप सोडायचा. दुसऱ्या दिवशी वर फेस आला की समजायचं, मंडळी जागी झाली. मग ते पाणी मुळाशी घालायचं. ते खातात, वाढतात, आणि मातीत अडकून पडलेलं झाडाला मोकळं करून देतात. एकच चमचा. जास्त झाली की आंबते, वास मारते, मुंग्या येतात.

हे मला पाठ आहे. लक्षात ठेव.

एप्रिलमध्ये मी आईच्या कबरीवर आपल्या फाटकावरच्या गुलाबाची फांदी लावली. लागली, पण पानं पिवळी. पडणारच. कबर खणताना खोलातली माती वर येते, ती नुसती चिकणमाती. एक गांडूळ नाही तिच्यात. फेब्रुवारीत तू पोचलास तोवर वर बर्फ पडला होता, त्यामुळे तू ती माती पाहिलीच नाहीस. मी बघत होते. मग मी तिकडेही बादली न्यायला लागले. रोज नाही, अधूनमधून. बाबांना बोलले नाही.

आता गेल्या शनिवारचं. सहा महिन्यांचं स्मरण होतं, तुला सुट्टी मिळाली नाही, त्याचं काही नाही. आत्याने उकडलेल्या गव्हाचं ताट आणलं होतं, वर पिठीसाखर आणि अक्रोड. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली आणि आत्या किंचाळली. कबर काळी झाली होती. नुसत्या मुंग्या. वरून गांधीलमाशा. पाद्रीबाबा सब्ज्याच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडत होते आणि त्याच जुडीने माशा हाकलत होते. प्रार्थना मात्र एका सुरात चालू.

आत्याने मातीला बोट लावून वास घेतला.

"अगं बया! मळी? कबरीवर?"

"पाद्रीबाबा पण वाइन ओततातच की," मी म्हटलं.

"वाइन मेलेल्यांची! मळी डुकरांच्या खाण्यात घालतात! माझी वहिनी काय डुक्कर होती?"

"गोडावर तुटून तर पडायची बिचारी," मागून शेजारची येला म्हणाली. दोघीतिघी हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आत्यासुद्धा. मी नाही. मी मुंग्या कुठून येतायत ते बघत होते. कुंपणाच्या बाजूने येत होत्या.

बाबा एवढंच म्हणाले, "दगड बसला की मुंग्या नाहीत, गवत नाही, आणि हिची बादलीही नाही."

दगड त्यांनी सांगून ठेवलाय. काळा ग्रॅनाइट, कडेपासून कडेपर्यंत. डोक्याशी बसायच्या उभ्या दगडावर आईच्या नावाशेजारी त्यांचंही नाव कोरून झालंय, सगळे करतात तसं. जन्माचं साल, एक रेघ आणि पुढे मोकळी जागा. दाखवताना त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बाहीने पुसलं.

दादा, डॉक्टरांनी आईची साखर बंद केल्यापासून आपल्या घरात गोड वस्तू एकच उरली होती, माझा मळीचा कॅन. मी शेडमध्ये पंप लावत असले की ती मागून यायची, झाकण काढायची आणि सरळ बोट बुडवायची. मी ओरडायचे, "आई! ती मातीसाठी आहे!"

"तुझ्या किड्यांना चालते आणि मला नाही? त्यांनी तुला जन्म दिला का गं?"

मग मी कॅन वरच्या फळीवर ठेवायला लागले. तिचा हात तिथे पोचायचा नाही. एकदा तिला तिथे खाली उभी राहून वर बघताना पाहिलं. मला बघून ती मिरच्यांना पाणी घालायला गेली.

स्मरणाच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, मी कबरीवर कॅनच घेऊन गेले आणि ओतला. पंप नाही, बादली नाही, चमचा नाही. माप चुकलं नाही माझं. खाली एवढ्या खोल काही पोचत नाही, हेही मला माहितीये.

गुलाबाला एक लाल कोंब आलाय. कशाने, ते सांगता येणार नाही.

दगडवाला सप्टेंबरअखेर येणार, तोवर माती पुरती खाली बसेल म्हणाला. पूर्ण दगड बसवायचा की मधे गुलाबापुरती माती उघडी सोडायची, हे त्याला आडवा दगड कापायच्या आधी सांगायचंय. बाबा म्हणतात, "वुकाशिन म्हणेल तसं." माती उघडी राहिली तर मुंग्या परत येतील. बाबांना ते बघवत नाही, तेही खरंच आहे. शनिवारी घरी आल्यावर ते कितीतरी वेळ बूट पुसत होते.

पाठीला तेल लाव. भाजायच्या मिरच्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात.

कॅन आता खालच्या फळीवरच असतो.

तुझी,
दुन्या

ता. क. तर दादा, सगळा दगड, की मधे थोडी माती? तुला काय वाटतं?