रजेच्या प्रस्तावाला विरोध

१२ ऑगस्ट

व्यापारी मंडळाची बैठक. नोव्हेंबरमध्ये राज्यभर मतदानाला येणाऱ्या प्रस्तावांवर मंडळाची भूमिका ठरली. बाकीचे पटापट उरकले. रजेच्या प्रस्तावावर मात्र जुंपली. घरात कोणी आजारी असेल तर कामगाराला बारा आठवडे रजा, आणि परतल्यावर त्याची जागा त्यालाच. औषधांच्या दुकानाची मॉड एकटी बाजूने. अध्यक्ष डेल म्हणाला, "अगं, आपल्याकडे माणसंच दोन-दोन. एक गेला की दुकान कोण चालवणार, कायदा?" सगळे हसले. मीही. माझ्या बेकरीत भट्टीवर आर्लो एकटाच!

प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं छापणाऱ्या सरकारी मतदार-पुस्तिकेत मंडळाच्या वतीने विरोधाचा मजकूर मी लिहायचा. "वर्ना, गाव तुझा पाव खातं, तुझं ऐकेलही," इति डेल.

१५ ऑगस्ट

लिहिला. "आमच्या गावात माणसं माणसांना सांभाळतात. त्यासाठी कायदा लागत नाही." खाली माझं नाव. अगदी मनापासून लिहिलंय.

९ सप्टेंबर

आर्लोच्या बायकोला, नॅडीनला, कॅन्सर. पीठ मळता मळता सांगितलं, मान वर न करता. मी म्हटलं, "जा तू. तुझी जागा कुठे पळून जात नाही."

"बाई, किती दिवस लागतील सांगता येत नाही."

"लागू देत!"

एप्रन खुंटीला अडकवून गेला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच रजा घेतली.

३० सप्टेंबर

भट्टीवर मी एकटी. खांदा कामातून गेला. पाव पुन्हा जळले.

१० ऑक्टोबर

पुस्तिका घरोघरी पोचल्या. "छान लिहिलंयस गं!" — गिऱ्हाइकं. खिडकीत मंडळाचं 'नाही' म्हणणारं कार्ड लावलं. सभासदांनी लावायचंच असतं.

१९ ऑक्टोबर

एल्क हरणांच्या शिकारीला माणसं आली, त्यांच्या तंबूंसाठी पावाच्या मागण्यांचा ढीग. शेजारच्या गावचा कर्ट भट्टीवर यायला तयार आहे, पण कायमचा. "चार दिवसांचा पाहुणा म्हणून नाही येणार मी." दोघांना ठेवणं मला झेपणार नाही. हो म्हटलं. काय करू, दुकानाला टाळं लावू?

आर्लोला उद्या सांगेन.

२० ऑक्टोबर

नाही सांगितलं.

२६ ऑक्टोबर

टपालाने आलेली मतपत्रिका आज भरली. रजेच्या प्रस्तावापाशी पेन अडलं. मग 'हो'पुढचा गोल काळा केला, पाकिटावर सही केली, पेटीत टाकून आले. खिडकीतलं कार्ड तसंच आहे. काढायची हिंमत नाही. लाज वाटते माझी मला.

६ नोव्हेंबर

प्रस्ताव पडला. राज्यात थोडक्यात, आपल्याकडे दणकून. डेलने मंडळासाठी केक मागवला. कर्टने भाजला, नक्षी मी काढली.

१३ नोव्हेंबर

नॅडीन गेली. दफनाच्या वेळी आर्लोशी नजर भिडवता आली नाही.

१८ नोव्हेंबर

आज आर्लो कामावर आला. दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. भट्टीपाशी कर्ट दिसला. आर्लोने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मी हात पुसत पुढे झाले.

तोच म्हणाला, "नॅडीन मतपत्रिकेवर 'हो' करणार होती, बाई. मी तिला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. मग दोघांनीही 'नाही' केलं."