उजवी बाही

१० जानेवारी, शनिवार

कोट झाला. शेवटचं बटण दुपारी लावलं. लिनन, मोरपंखी. अस्तर नाही, या गावात कोटाला अस्तर लावणारा घामानं मरेल. पॅटर्न परदेशी, पाकिटातला. त्यात शिलाईची माया धरलेली नसते, चारी बाजूंनी आपण सोडायची. निम्मे लोक इथेच फसतात, मग कंपनीला शिव्या घालतात. मी फसत नाही. कारखान्यात इरुंगाट्टुकोट्टैला दिवसभर ब्रेकचे सुटे भाग मोजून नापास करतो, घरी येऊन स्वतःला नापास करतो. कुणी शिकवलं नाही. शिंप्याच्या दुकानात एक दिवस बसलो नाही. पॅटर्न, कात्री, आरसा. बस.

उजवी बाही परत परत उसवली. मुंढ्यात एक चुणी येत होती. कुणाला दिसली नसती. मला दिसत होती.

उद्या मुरली येणार, सुमतीचा मोठा भाऊ, माझा मेव्हणा. आमच्या हरिणीच्या लग्नाचं ठरवायला. कोट घालीन.

११ जानेवारी, रविवार

अक्षर बघवत नाही. तरी लिहितो.

मु. आला. बसायच्या आधीच, "काय मापिळ्ळै, सिनेमात काम मिळालं?" मापिळ्ळै म्हणजे घरचा जावई, तसं म्हणायचा त्याचा हक्क, हसलो. मग कॉफीबरोबर, "तांबरमात कोट कोण घालतो ओ? स्टेशनातला तिकीट तपासणारा सोडून?" सु. पण हसली. तेही सोसलं. हॉल, जेवण, मुलाकडची माणसं, सगळं बोलून झालं. जिन्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं, सु. ऐकत नाही बघून,

"आम्ही बहीण दिली कारखान्यातल्या साहेबाला. घरात बघतो तर साहेब मशीन मारतोय. मुलाकडच्यांना काय सांगू? बाप ब्लाउज शिवतो?"

म्हटलं, ब्लाउज अजून शिवला नाही, शिवला तर तुझ्या बायकोचा टेलर धंदा बंद करील.

"बघू तर, पक्कं तरी आहे का." उजवी बाही धरली आणि ओढली. थट्टा नव्हे. दोन्ही हातांनी, पाय रोवून.

लिनन फाटतं तेव्हा किंचाळतं.

मी मारलं. मूठ, तोंडावर. त्याचा दात माझ्या बोटात गेला. त्यानं कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, परत एकदा. मग मी ढकललं. खोटं कशास लिहू, मागे जिना आहे हे मला दिसत होतं. तो खालच्या वळणावर हातावर पडला. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज.

त्याचा उजवा हात. मनगटाच्या वर, दोन्ही हाडं. प्लास्टर तळहातापासून कोपराच्या वरपर्यंत.

हॉस्पिटलातून आल्यावर कोट टेबलावर पसरला. फाटलंय ते कापड, मुंढ्याच्या दोन बोटं खाली. शिवण तशीच. एक टाका सुटला नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सु. डाव आपटून भात वाढते. भात ताटाबाहेर उडतो.

एक अख्खा लॉट नापास केला. करायलाच हवा होता. पण मजा आली, ते बरं नाही.

बोटावर दाताची खूण आहे. मूठ वळली की ठणकते. दिवसभर वळून बघत होतो.

१४ जानेवारी, बुधवार. भोगी.

पहाटे गल्लीत आग पेटवली. चटया, टोपल्या, फाटक्या उशा, सगळ्यांचं जुनं. धुरानं डोळे उघडेनात. सु. खाली आली ती माझा कोट घेऊन. मला वाटलं मला द्यायला. सरळ आगीत.

हात घातला. बाहेर ओढला. फाटकी बाही गेली, बाकी वाचला, डाव्या खिशावर करपल्याचा डाग. माझ्या मनगटावरचे केस जळाले, त्याचा वास अजून येतोय.

तिनं मला पाठीत गुद्दे घातले. शेजारपाजार बघतोय. "माझ्या भावाचा हात मोडलास, आणि चिंधीसाठी आगीत हात घालतोस!" लग्न झाल्यापासून अहो-जाहो. आज अरे-तुरे. लागलं जास्त ते, गुद्दे नाही.

म्हटलं, चिंधी नाही ती. हेच म्हटलं. दुसरं काही सुचायला हवं होतं.

१५ जानेवारी, गुरुवार. पोंगल.

गच्चीवर ऊस तोडत होतो, कोयत्यानं. कांड्या हव्यात त्याहून बारीक झाल्या. हरिणी येऊन कठड्यावर बसली. पेरुंगुडीच्या ऑफिसातनं सुट्टी काढून आलीय. माझी एकुलती एक.

"अप्पा, कोयता ठेव आधी."

ठेवला.

"मामा म्हणतो लग्नाला येत नाही. मंडपात मुलीला कोण आणतो?"

मामा.

"मग? तो नसेल तर मी खोलीतनं बाहेर येणार नाही. नादस्वर वाजत राहू दे. जेवून जा म्हण सगळ्यांना."

ही माझी मुलगी, बोलते ते करते. म्हटलं, माफी मागायची नाही मला. बाही त्यानं ओढली.

"माफी माग म्हटलं का मी? ते तुला येत नाही. जे येतं ते कर. प्लास्टरवरनं त्याला शर्ट जात नाही, बनियन कापून घालतो. माझ्या लग्नात मामा उघडा बसणार? शिव त्याला."

ऊस गोड नव्हता या वर्षी.

१७ जानेवारी, शनिवार

मु.चा निरोप हरिणीच्या फोनवर. ती वाचून दाखवताना हसू दाबत होती. "येऊ दे मापं घ्यायला. टेप गळ्यात घालून यायचं. बेल वाजवायची. मी कोण म्हणून विचारणार. टेलर म्हणायचं."

फोन फेकला. तिचा होता. काच तडकली. उचलून म्हणाली, "मग जाणार ना?"

१८ जानेवारी, रविवार

गेलो. टेप गळ्यात. लिफ्टमध्ये दोन बायका होत्या, त्यांनी बघितलं. बेल वाजवली.

"कोण?"

दाराला लाथ घालावीशी वाटली. हरिणीचा चेहरा आठवला. म्हटलं, टेलर.

आतून मोठ्यांदा हसला. बरगडीत दुखलं असावं, मध्येच थांबला. तेवढंच समाधान.

मापं घेतली. छाती, खांदा, पाठ. कोपरात वाकलेल्या हाताची लांबी, प्लास्टरचा घेर तीन ठिकाणी. तो समोर, मी समोर, दोघांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर. ओठावरची जखम भरत आलीय. मग गळा. टेप गळ्याभोवती घेतला. गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायची असतात, कॉलर काचू नये म्हणून. त्याचा कंठमणी वरखाली होत होता. टेपची दोन्ही टोकं माझ्या मुठीत.

दोन बोटं घातली. उशिरा घातली, ते त्याला कळलं. 

२० जानेवारी, मंगळवार

बंद गळ्याचा शर्ट. दुसऱ्या कंपनीचा पॅटर्न, घरी डाउनलोड करून झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून घेतला. कोपऱ्यात छपाईचं माप तपासायचा चौकोन असतो, तो कारखान्यातल्या व्हर्नियरनं मोजला. छापणारा म्हणाला, "सार, पेपर दाने!" अरे, कागदच आहे, म्हणून तर मोजायचा. बरोबर निघाला.

कापड सु.नं आणून टेबलावर आपटलं. सायीच्या रंगाचं रेशीम, भारी. "वाया घालवलात तर बघा." म्हणजे अहो-जाहो परत आलं.

मोडक्या हाताची बाही अख्खी उघडणारी. गळ्यापासून खांद्यावरून थेट मनगटापर्यंत चीर, वर झाकपट्टी, पट्टीखाली टिचबटणं. मिटली की कुणाला कळू नये. असा पॅटर्न कुठली कंपनी विकत नाही. मी काढला.

कापताना कात्री सरसर गेली. राग असला की हात स्थिर राहतो माझा. हे कुणाला सांगायचं नाही.

२५ जानेवारी, रविवार

ट्रायल. मु.कडे. सु. आणि हरिणी दोघी आल्या होत्या, पंचायत बसावी तशा.

टाचण्या तोंडात, नेहमीसारख्या. शर्ट त्याच्यापुढे धरला. चीर डाव्या बाजूला.

प्लास्टर उजव्या हातात.

उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. काय बघायचं होतं. आयुष्यभर स्वतःचंच शिवलं, आरशात बघून. आरशात माझ्या डावीकडे दिसतो तो हात माझा डावाच. मु. आरसा नाही. समोर उभा राहून खुणा केल्या, आणि माणसाला आरसा धरलं. धंद्यातला शिंपी मरेल पण ही चूक करणार नाही. घरात बसून शिकलेलाच करणार.

मु. हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईतो. "अय्यो सुमती, हा तर डावा-उजवा पण शिकला नाही! मापिळ्ळै, दुसरा हात पण मोड आता, तुझा शर्ट बरोबर होईल!"

प्लास्टर धरलं मी त्याचं. धरलं आणि पिळलं.

तो ओरडला आणि डाव्या हातानं फाडकन लगावली. गालावर. तोंडात टाचण्या.

पुढचं नीट आठवत नाही. हरिणी किंचाळली, ते आठवतं. एक टाचणी गालात आतून रुतली होती, एक जिभेत. बाकीच्या थुंकल्या. रक्त हनुवटीवरून नव्या शर्टावर. टेबलावर कात्री होती. मी बघितली. त्यानं बघितली. दोघंही हललो नाही. त्याच्या बायकोनं उचलली आणि आत नेली.

सु. कोरड्या आवाजात: "झालं? की अजून आहे?"

आपलं रक्त कापडावर पडलं की आपल्याच थुंकीनं निघतं, हे शिवणारे सगळे जाणतात. पण तोंडच रक्तानं भरलेलं. थुंकी आणायची कुठून?

मु. दारात, हात छातीशी धरून: "लग्नाला येत नाही. तुझं कापड घालून तर नाहीच नाही. पोडा." चालता हो, अशा सुरात.

२६ जानेवारी, सोमवार

गाल सुजला. गार ताक तेवढं जातं. सुट्टी.

हरिणी निजली नाही, डोळे सांगतात. म्हणाली, "पत्रिका वाटल्यात अप्पा." एवढंच.

टेबलाशी बसलो. नवीन रेशीम मिळणार नाही, त्या रंगाचा लॉट संपला, फोन केला होता. उरलेल्या तुकड्यांत एक झाकपट्टी बसते, तिरकी लावली तर. म्हणजे उजवी पण उघडायची. डावी उघडलीच आहे. दोन्ही बाह्या उघडणारा शर्ट, एका बाजूला कारण, दुसऱ्या बाजूला माझी चूक. समान दिसल्या तर फॅशन म्हणता येईल.

कात्री मिळाली नाही. ती मु.च्या घरीच राहिली. सु.च्या स्वयंपाकातल्या कात्रीनं कापलं. रेशमाला ती कात्री. दातओठ खात.

१ फेब्रुवारी, रविवार

झाला. गार पाणी, मीठ, सगळं केलं. डाग गेला नाही. डाव्या खांद्याच्या पट्टीखाली येतो, मिटल्यावर दिसत नाही. मला ठाऊक आहे की आहे.

कोटाला नवीन बाही लावली. रंग हुबेहूब नाही, सावलीत चालेल. खिशावरचा करपलेला डाग ठेवला.

हरिणी शर्ट घेऊन मामाकडे गेली. येताना हात मोकळे.

काय म्हणाला?

"टीव्ही बघत होता. ठेव म्हणाला."

घालणार का?

"तू विचार ना त्याला."

५ फेब्रुवारी, गुरुवार

मु.कडून काही नाही. सु.नं फोन केला, त्याची बायको म्हणाली, माहीत नाही, काही बोलत नाहीत. भटजी विचारतात मामांचं नाव काय पुकारू. मी नाव सांगितलं. सांगताना तो मेला तर बरं असं वाटलं, आणि मेला तर मंडपात कोण, असंही.

हरिणीनं मेंदी लावून घेतलीय. रंगलीय. माझ्याशी बोलताना हात पाठीमागे धरते.

८ फेब्रुवारी, रविवार

हॉल. वरच्या मजल्यावर, खोल्यांच्या बाहेर खुर्ची घेऊन बसलोय, कोट घालून. खाली नादस्वर.

मु. आला. सकाळी बायकोबरोबर, बनियनवर उपरणं टाकून. कुणाकडे बघितलं नाही, सरळ खोलीत. मग दार उघडलं. डाव्या खांद्यावर शर्ट चढवलेला, उजवी बाजू लोंबतेय. बटणांचा क्रम कुणाला लावता येईना. आधी गळ्याचं, मग खांदा, मग उलट मनगटापासून वर. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आत गेलो. एक टिचबटण सैल होतं, मी टाचण्या तोंडात धरल्या.

"आधी तोंडातल्या टाचण्या काढ," मु. म्हणाला.

काढल्या.

लावत गेलो. प्लास्टरवर बोटं लागली तेव्हा त्यानं दात आवळले, मी पिळलं नाही. डाव्या पट्टीखालचा डाग त्यानं उचलून बघितला. परत मिटला. आरशात बघितलं, बराच वेळ. बसलाय शर्ट. चुणी नाही एक. त्यालाही दिसलं, पण बोलेल तर मु. कसला.

मग हळू, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असं, "हा हात सुटू दे. मग येतो तांबरमला. जिन्यात."

म्हटलं, ये.

खालून भटजी ओरडतोय, मामा कुठेत, मुलीला आणा. हरिणीचं दार उघडलंय, ती चौकटीत उभी, हिरव्या साडीत, बाहेर पाऊल टाकत नाही. मु. खोलीतनं निघालाय. मध्येच थांबलाय. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघतोय. कोटाकडे. नवीन बाहीकडे.

मुंढ्याला या खेपेस दुहेरी शिलाई आहे. ओढू दे.