करार नाकारला

गुरुवार, ऑगस्टअखेर. ओंगार, डब्लिन.

सांगून टाकलं. इंग्लंडच्या क्रिकेट क्लबचा दोन वर्षांचा करार नको, मी इथेच आयर्लंडमध्ये, मेनूथच्या कॉलेजात फिजिक्स शिकणार आणि कॉलेजकडून खेळणार. फोनवर माझे इथले कोच एवढंच म्हणाले, "ग्रँड." म्हणजे आयरिश लोकांचं 'ठीक आहे'. महिनाभर माझी झोप उडाली होती, आणि ह्यांचं ग्रँड!

बाबांना मात्र पटलं नाही. "सई, अगं प्रोफेशनल क्रिकेट! असा चान्स परत येतो का?" नागपूरला आजोबांनी बाबांची बॅट माळ्यावर टाकून त्यांचा खेळ बंद केला होता. म्हणून त्यांना हा करार माझ्यापेक्षा जास्त हवा होता का? विचारलं नाही.

पण माझी पाठ? गेल्या हिवाळ्यात हाडाला चीर गेली, चार महिने बॉलिंग बंद. तेव्हा कळलं, बॉल काढून घेतला तर माझ्याकडे काहीच उरत नाही. ती पाठ पुन्हा दगा देणार नाही, हे कोण लिहून देणार?

"बाबा, मी खेळ सोडत नाहीये. फक्त सगळं त्याच्यावर लावत नाहीये."

बाबांनी विचारलं, "शनिवारी मॅचला किती वाजता निघायचं?"

"नऊला," मी म्हणाले.